कफ प्रेशर: मी २८ वर ठेवते, रिलिव्हरला १८ मिळतं. हवा जाते कुठे?

रात्रपाळी | रात्री १:५०

मॉनिटर शांत आहेत तोवर लिहून घेते. गेले पंधरा दिवस कफ प्रेशरवरून (म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबभोवतीच्या फुग्यातल्या हवेच्या दाबावरून) माझी आणि सकाळच्या रिलिव्हरची धुसफूस चालू आहे. मी रात्री आल्या आल्या ओरल केअर करते, सक्शन करते, मग मॅनोमीटर (दाब मोजायचा डायल) लावून कफ २८ सेंमी पाण्यावर आणते आणि चार्टवर लिहिते. पहाटे परत बघते तर २० च्या आसपास, परत २८ करते. सकाळी रिलिव्हर येते, मॅनोमीटर लावते, काटा १८ वर. ती लाल पेनाने लिहिते, "कफ प्रेशर कमी आढळले". इन्चार्ज माझ्याकडे बघतात, मी छताकडे.

ट्यूब आठ नंबरची, साधी पीव्हीसीची. पायलट बलूनची (कफला जोडलेल्या, बाहेर लटकणाऱ्या छोट्या फुग्याची) झडप पाण्यात धरून पाहिली, एक बुडबुडा नाही. व्हेंटवर आत जाणारा आणि बाहेर येणारा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) जुळतोय. गळ्यावर स्टेथो ठेवला तरी खरखर नाही. मग रोज दहा सेंमी पाण्याइतकं प्रेशर जातं कुठे?

दुसरं, तुमच्याकडे किती वेळा बघतात? आमच्याकडे "पाळीत एकदा" असं तोंडी ठरलंय, कागदावर काहीच नाही.

फुगाफोड | रात्री २:१५

सिस्टर, मॅनोमीटरच्या नादी लागताच कशाला? वीस वर्षं आयसीयूत काढली, पायलट बलून चिमटीत धरला की मला कळतं. कानाच्या पाळीसारखा लागला तर कमी, नाकाच्या शेंड्यासारखा लागला तर बरोबर, कपाळासारखा लागला तर हवा काढा. माझ्या हाताखाली कुणाचा कफ फुटला नाही.

भूलवाला | सकाळी ६:४०

फुगाफोडदादा, कफ फुटला नाही हे खरं असेल, पण आत श्वासनलिकेचं काय झालं ते चिमटीला दिसत नाही. माझीही चिमूट अशीच पक्की होती. एकदा सलग दहा केसेसमध्ये आधी बोटाने अंदाज केला आणि मग मॅनोमीटर लावला. दोन २० ते ३० च्या मध्ये निघाल्या. बाकीच्या सगळ्या वर, एक तर काट्याच्या पार टोकाला. मला ती "नाकाच्या शेंड्यासारखी"च वाटली होती. बोटाचा कल जास्त फुगवण्याकडे असतो, आणि अनुभवाने तो सुटत नाही. अनुभवाने फक्त आत्मविश्वास वाढतो.

आता रात्रपाळी सिस्टर, तुमची हवा. ती मॅनोमीटरमध्ये जाते.

मॅनोमीटरची नळी आणि आतली पोकळी लावण्याआधी रिकामी असते, म्हणजे तिथे वातावरणाइतकंच प्रेशर असतं. ती पायलट बलूनला जोडली की झडप उघडते आणि कफमधली थोडी हवा त्या पोकळीत पसरते. कफमध्ये एकूण हवाच पाच-दहा मिली. त्यातली अर्धा-एक मिली गेली तरी काटा धाडकन खाली येतो. काढताना जो "फुस्स" आवाज येतो, तीही हवाच. तुमच्या रिलिव्हरला जे १८ दिसतं, ते तिने नळी जोडल्यानंतरचं आहे. जोडायच्या क्षणाआधी ते कदाचित २४ होतं. तापमान बघायला दार उघडावं आणि खोली गार व्हावी, तसं.

करून बघा: २८ ला आणा, काढा, मिनिटभराने काहीही न भरता परत लावा. परत काढा, परत लावा. तिन्ही आकडे इथे लिहा.

आणि २८ का? हद्द २० ते ३० सेंमी पाणी. मध्यावर, २५ ला ठेवलंत तर दोन्हीकडे खेळायला जागा राहते.

पाळीमधला_पाळी | सकाळी ७:०५

वाचतोय. पण ही हद्द आली कुठून? आम्हाला शिकवताना "३० च्या वर नको, २० च्या खाली नको" एवढंच पाठ करून घेतलं.

भूलवाला | सकाळी ७:३०

वरची हद्द मुख्यतः १९८४ सालच्या एका अभ्यासावर उभी आहे, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. ४० रुग्ण, भूल दिलेले. कफ वेगवेगळ्या प्रेशरला फुगवत नेला आणि एंडोस्कोपमधून श्वासनलिकेच्या अस्तराकडे बघत बसले. ३० सेंमीच्या वर गेलं की अस्तराचा गुलाबी रंग फिकटायला लागला, ५० ला कूर्चेच्या कड्यांवरचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला. तुमच्या नखावर बोट दाबा, पांढरं होतं ना? तेच, फक्त आत आणि तासन् तास.

एक लक्षात घ्या, ते रुग्ण तुलनेने धडधाकट होते. बीपी ८० पर्यंत उतरलेल्या, ते टिकवायला नॉरअॅड्रेनलिन चाललेल्या रुग्णाच्या अस्तरातला प्रवाह आधीच मंद असतो. त्याला ३० हा काही जादूचा आकडा नाही.

खालची हद्द १९९६ च्या एका अभ्यासातून लोकांच्या डोक्यात बसली. सतत २० च्या खाली राहिलेल्या कफवाल्यांमध्ये, विशेषतः ज्यांना अँटिबायोटिक चालू नव्हतं त्यांच्यात, न्यूमोनिया जास्त दिसला. कारण साधं आहे. तोंडातली लाळ, पोटातून वर आलेलं पाणी, सगळं येऊन कफच्या डोक्यावर तळं करून बसतं. कफ ढिला पडला की तळं फुटतं.

आणि २५ ला ठेवलं म्हणून तळं बंदिस्त होतं असंही नाही. मोठ्या आकाराचा पीव्हीसीचा कफ श्वासनलिकेत पूर्ण उलगडत नाही, त्याला उभ्या चुण्या पडतात. त्या चुण्यांतून थेंब थेंब खाली उतरतो. म्हणून डोकं ३० ते ४५ अंश वर, तोंडाची निगा, आणि कफच्या वरून ओढणारं सबग्लॉटिक सक्शन असेल तर ते.

रात्रपाळी | रात्री ९:२०

केलं. पहिल्यांदा २८ ला आणलं. मिनिटाने लावलं, २२. परत, १७. रुग्ण हलला नाही, पोझिशन बदलली नाही, कुणी हात लावला नाही. फक्त मी तीनदा मोजलं.

म्हणजे पहाटे "नीट बघू या" म्हणून मी एकदा लावून काढायचे, सक्शन झाल्यावर परत लावायचे, तेव्हा मीच हवा काढत होते. पंधरा दिवस मी त्या बाईला मनात काय काय बोलले!

बायोमेड | रात्री ९:५०

हसलो. पण तेवढ्यावर थांबू नका, डायल उलटा करून एकक बघा. सेंमी पाणी आहे की मिमी पारा? आमच्याकडे स्टोअरमधून दोन जुने निघाले, पाऱ्याच्या मोजणीचे. एक मिमी पारा म्हणजे साधारण १.३६ सेंमी पाणी. कुणी त्यावर "२५" ठेवलं तर ते प्रत्यक्षात ३४ झालं. पाऱ्यात हद्द साधारण १५ ते २२ येते. काहींवर हेक्टोपास्कल लिहिलेलं असतं. तो आकडा सेंमी पाण्याच्या इतका जवळ असतो की फरक सोडून दिला तरी चालतं.

काटा लावण्याआधी शून्यावर आहे का तेही बघा. आपटलेल्या डायलचा काटा पाच वर विश्रांती घेत असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

जुनीजाणती | रात्री १०:३०

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण धागा वाचून हात शिवशिवले. आमच्या वेळी दर तासाला पाच मिनिटं कफ सोडायचा नियम होता. घड्याळ लावून करायचो. श्वासनलिकेला "विसावा" द्यायचा म्हणे. हल्ली मुली हे करत नाहीत ते आळस म्हणून की खरंच बंद झालंय?

भूलवाला | रात्री ११:०५

जुनीजाणती सिस्टर, खरंच बंद झालंय, आणि तुम्ही केलंत तेही त्या काळात उगाच नव्हतं. तेव्हाच्या लाल रबरी ट्यूबचा कफ लहान आणि ताठ. तो फुगायलाच भरपूर प्रेशर लागायचं आणि त्यातलं बरंचसं अस्तरावर बसायचं. १९६० च्या दशकात व्हेंटिलेटरवर बरे झालेले रुग्ण नंतर श्वासनलिका आक्रसून परत यायला लागले, तेव्हा हे ध्यानात आलं. १९७० च्या दशकात मोठ्या आकाराचे, पातळ भिंतीचे, कमी प्रेशरचे कफ आले.

आताच्या कफला विसावा द्यायची गरज नाही. सोडला की वरचं तळं खाली जातं, पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंट फुप्फुसात राखतं तो दाब) जातं, आणि परत भरताना कुणी मोजत नाही. सोडायचाच असेल तर कारण हवं, आणि आधी तोंड आणि कफच्या वरचा भाग सक्शन करून घ्यायचा.

अवांतर: फुगवायचा कफ ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने १८७१ मध्ये ट्रॅकिओस्टोमीच्या (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत घातलेल्या) नळीवर बसवला होता, रक्त फुप्फुसात उतरू नये म्हणून. पण मला आवडतो तो ग्युडेल, अमेरिकन भूलतज्ज्ञ. १९२८ च्या सुमारास त्याने आणि वॉटर्स या दुसऱ्या भूलतज्ज्ञाने कफवाली एंडोट्रॅकिअल (तोंडातून श्वासनलिकेत घालायची) ट्यूब आणली. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा ग्युडेलने स्वतःच्या कुत्र्याला भूल दिली, ट्यूब घातली, कफ फुगवला आणि सगळ्यांसमोर त्याला पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. कुत्रा बाहेर काढल्यावर जागा झाला, अंग झटकलं आणि निघून गेला. त्या कुत्र्याचं नाव होतं एअरवे, म्हणजे श्वासमार्ग.

पाळीमधला_पाळी | रात्री ११:१२

एअरवेला दंडवत.

घसाघशी | सकाळी ८:१५

कान-नाक-घसावाला आहे, म्हणून दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगतो. एक तिशीचा तरुण माझ्याकडे आला, दोन महिन्यांपूर्वी बारा दिवस व्हेंटवर होता. घरी गेल्यावर हळूहळू दम लागायला लागला. दमा समजून पंप चालू होते, एक संपला की दुसरा. तो खोलीत शिरला तेव्हाच आवाज ऐकू आला. श्वास आत घेताना शीळ. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना असते, ही घेताना होती. स्कोप घातला, तर कफ बसतो नेमकं त्याच पातळीवर श्वासनलिका पेन्सिलीएवढी उरली होती.

त्याच्या कफचं प्रेशर त्या बारा दिवसांत किती होतं? कागदावर कुठेच नव्हतं. एका शब्दानेही नाही.

दाब जास्त राहिला की अस्तर सुकतं, व्रण होतो, कूर्चा उघडी पडते, मग भरताना आक्रसते. कधी भिंत ढिली पडून फुगते, कधी मागे अन्ननलिकेत भोक पडतं. आणि कफ फार वर, स्वरयंत्राच्या खालीच बसला असेल तर स्वरतंतूंच्या नसेवर दाब येऊन आवाज जातो.

आता रात्रपाळी सिस्टरांच्या प्रश्नाची उलटी बाजू: खरंच लीक असेल तेव्हा काय? सगळ्यांचा पहिला हात सिरिंजकडे जातो. दोन मिली घाला, गळतंय, अजून दोन घाला. थांबा! आधी ट्यूबची खूण बघा. बाईमाणसात दातांपाशी साधारण २१, पुरुषात २३ असायची ती १८ वर आली असेल, तर ट्यूब वर सरकली आहे आणि कफ स्वरतंतूंच्या मध्ये अडकलाय. तिथे कितीही हवा भरली तरी गळणारच, आणि तुम्ही भरताय ती कफला अजून वर ढकलतेय. ही ट्यूब बाहेर पडायच्या बेतात असते. हवा भरत बसण्यापेक्षा डॉक्टरला हाक मारा.

खूण जागेवर असेल, प्रेशर जागेवर असेल, आणि तरी रोज थोडी थोडी जास्त हवा लागतेय, तर श्वासनलिकाच रुंदावते आहे का हे बघायला हवं. म्हणून प्रेशरसोबत किती मिली हवा लागली तेही लिहा. आकडा २५ च राहील, पण ८ मिलीचे ११ झालेत हे चार्टनेच सांगितलं पाहिजे.

रात्रपाळी | सकाळी ९:००

मिली आम्ही कधीच लिहिले नाहीत. आजपासून.

फुगाफोड | दुपारी १:३०

ते पेन्सिलीचं वाचून जरा शांत झालो. आमच्याकडे मॅनोमीटर आहे, कपाटात. किल्ली कुणाकडे असते ते शोधतो.

एक शंका: झडपच गळत असेल तर? परवा एकाची पायलट लाइन शेव्ह करताना कापली गेली.

भूलवाला | दुपारी २:१०

झडप गळत असेल तर तिला थ्री-वे (तीन तोंडांची छोटी तोटी) लावून बंद करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. लाइन कापली गेली असेल तर उरलेल्या टोकात योग्य मापाची बोथट सुई किंवा कॅन्युला घालून, तिला थ्री-वे जोडून कफ फुगवता येतो. ती तात्पुरती सोय. ट्यूब बदलायची की नाही हे रुग्णाची तब्येत आणि ट्यूब घालायला किती कठीण गेली होती त्यावर ठरवायचं, आणि तोवर तयारी शेजारी मांडून ठेवायची.

तीन_नंबर_बेड | दुपारी ४:४५

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझे वडील ट्रॅकिओस्टोमीवर आहेत, शुद्धीवर आहेत, ओठ हलवतात पण आवाज येत नाही. शेजारच्या नातेवाइकांनी सांगितलं की फुग्यातली हवा काढली की बोलतात, आणि बोलायची एक टोपी मिळते ती लावायची. आम्ही ती टोपी आणली आहे. लावून बघू का?

बोलकी | दुपारी ४:५२

नका! आधी हे वाचा.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. ती टोपी म्हणजे एकतर्फी झडप. श्वास आत येऊ देते, बाहेर जाऊ देत नाही. बाहेर जाणारी हवा ट्यूबच्या बाजूने वर स्वरतंतूंकडे जावी, ही त्यातली कल्पना. पण कफ फुगलेला असेल तर बाजूची वाट बंद असते. हवा आत जाईल, बाहेर येणारच नाही. दोन-चार श्वासांत माणूस गुदमरतो. म्हणून कफ पूर्ण रिकामा केल्याशिवाय ती झडप कधीही नाही, आणि कफ रिकामा करायचा की नाही हे टीमच ठरवते, कारण लाळ खाली उतरण्याचा धोका बघावा लागतो. काहींना ती चालते, काहींना आधी लहान ट्यूब लागते, काहींना अजून वेळ लागतो.

तोवर त्यांना पाटी आणि पेन द्या. हाताला ताकद नसेल तर अक्षरांचा तक्ता धरून बोट फिरवा, ते डोळे मिचकावतील. आणि विचाराल तेव्हा हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा.

तीन_नंबर_बेड | संध्याकाळी ५:१०

धन्यवाद. टोपी सिस्टरांकडे देऊन आलो. त्यांनी ती हातात घेऊन माझ्याकडे असं पाहिलं की काही विचारायची गरजच उरली नाही.

आकाशवाट | संध्याकाळी ७:००

एअर अॅम्ब्युलन्सवाला. वर चढलं की बाहेरचं प्रेशर कमी होतं आणि कफमधली हवा फुगते. खाली २५ ला ठेवलेला कफ वर गेल्यावर सहज ३० पार करतो. मग आपण हवा काढतो, आणि उतरल्यावर तोच कफ ढिला पडून गळायला लागतो. म्हणून चढल्यावर एकदा, उतरल्यावर एकदा. काही ठिकाणी कफमध्ये सलाइन भरतात, पण मग प्रेशर किती ते डायल सांगत नाही.

भूलवाला | संध्याकाळी ७:४०

+१. ऑपरेशनमध्ये नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू वापरला तरी असंच होतं, तो कफच्या भिंतीतून आत झिरपतो आणि प्रेशर आपोआप चढतं. लांब केस असेल तर मध्येच बघावं लागतं. लॅरिंजिअल मास्कचं (श्वासनलिकेत न जाता स्वरयंत्राच्या वर बसतो तो) गणित वेगळं, तिथे ६० सेंमीच्या खाली ठेवायचं.

आणि एक माझी फजिती. एकदा घट्ट बसणाऱ्या सिलिकॉनच्या ट्रॅकिओस्टोमी ट्यूबला मी उत्साहाने मॅनोमीटर लावला. तो कफ पाण्याने भरायचा असतो, हवेने नाही, आणि त्यात निर्जंतुक पाणी घालतात. त्याचं प्रेशर डायलवर मोजायचंच नसतं, किती मिली घातलं ते लिहायचं असतं. डायलच्या नळीत पाणी शिरलं आणि डायल गेला. फोमचा कफ असेल तर तोही वेगळा: तो स्वतःच फुलतो, त्यात हवा भरायचीच नसते. ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सिरिंज उचलू नका, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

बायोमेड | रात्री ८:२०

सतत प्रेशर धरून ठेवणाऱ्या यंत्रांबद्दल कुणी बोललं नाही. ती लावली की ही मोजामोज संपते ना?

भूलवाला | रात्री ९:००

मोजामोज कमी होते, संपत नाही. प्रेशर हद्दीत राहतं यात वाद नाही, वाद आहे रुग्णाला किती फायदा होतो यावर. २०११ मध्ये १२२ रुग्णांवरच्या एका फ्रेंच अभ्यासात सतत नियंत्रणाने न्यूमोनिया बराच कमी झाला. मग २०२१ मध्ये गंभीर जखमी असलेल्या ४३४ रुग्णांवर तपासलं, तिथे फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर, ज्या युनिटमध्ये माणूस कमी आणि बेड जास्त तिथे यंत्र उपयोगी. पण यंत्राची नळी मुडपली की तेही खोटा आकडा दाखवतं, आणि लीक झालं की हवा भरत राहतं. वर घसाघशींनी सांगितलेली ट्यूब वर सरकण्याची गोष्ट यंत्राला कळत नाही.

रात्रपाळी | तीन दिवसांनी, सकाळी ८:४०

पाळी संपवून लिहितेय. इन्चार्जशी बोलले. भूलवाला डॉक्टरांनी सांगितलेला प्रयोग त्यांच्यासमोर त्यांच्याच हाताने करायला लावला. त्यांनी तीन आकडे बघितले आणि "अगंबाई" म्हणाल्या. एवढंच.

आता असं ठरलंय. पायलट बलूनला थ्री-वे, एका तोंडाला मॅनोमीटर, एका तोंडाला सिरिंज. कफकडची वाट बंद ठेवून आधी मॅनोमीटर आणि नळी २५ पर्यंत भरून घ्यायची, मग कफकडे उघडायचं. तिथली पोकळी आधीच भरलेली असल्याने कफला तिच्यासाठी हवा द्यावी लागत नाही. काटा वाचायचा तो श्वास सोडून झाल्यावर, कारण व्हेंट हवा देतं तेव्हा तो उचलतो. पाळीच्या सुरुवातीला आणि मध्यावर बघायचं, शिवाय कूस बदलली, ट्यूबची पट्टी बदलली, स्कॅनला नेऊन आणलं की तेव्हाही.

चार्टवर एका रकान्याचे तीन केले: सापडलं किती, ठेवलं किती, किती मिली. "कमी आढळले" हा शब्द काढून टाकला.

माझ्या त्या आठ नंबरच्या ट्यूबवाल्यांची काल ट्यूब निघाली. काढण्याआधी कफ सोडून लीक (ट्यूबच्या बाजूने किती हवा निसटते ते) बघितला, ११० मिलीच्या बराच वर आला, म्हणजे घशात सूज फारशी नसावी. काढल्यावर पहिलं वाक्य घोगऱ्या आवाजात आलं, "पाणी". अजून द्यायचं नव्हतं, ओला बोळा ओठांवर फिरवला.

आणि शेजारच्या बेडवर आज रिलिव्हरने लिहिलंय: सापडलं २४, ठेवलं २५, ७ मिली. खाली बारीक अक्षरात, निळ्या पेनाने: "आधी नळी भरून घेतली."